पत्ता, पेटी आणि अवजार

माझी भाची वास्तुशास्त्राच्या अखेरच्या परीक्षेतून मोकळी झाली त्याला तीन आठवडे लोटले होते, आणि पारा पंचेचाळिसाच्या पलीकडे गेलेल्या एका वैशाखी दुपारी, नागपूरच्या धरमपेठेतील आमच्या कवेलूंच्या घरात, कूलरच्या ताट्यांतून येणारा वाळ्याचा ओला गंध आणि कैरीच्या पन्ह्याचा पेला या दोहोंच्या आश्रयास ती येऊन बसली असता, आपल्यापुढील एक अडचण तिने इतक्या सहजपणे मजपुढे टाकली की, तिचा निकाल लावण्यात दिवेलागण होईल अशी शंकाही मला त्या वेळी आली नाही.

अडचण अशी होती. पुणे आणि अहमदाबाद येथील ज्या वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांत तिला उमेदवारी करावयाची होती, त्यांनी अर्जासोबत तिच्या कामाचे संकेतस्थळ मागितले होते. मुदत आठ दिवसांची होती. दाखविण्याजोगे काम तिच्यापाशी पुरेसे होते : महाल या पेठेतील दोन जुन्या वाड्यांच्या नक्षीदार सागवानी खांबांची, फूटपट्टी आणि ओळंबा लावून घेतलेली मोजमापे व त्यांवरून काढलेली आरेखने, परीक्षेसाठी केलेला शुक्रवारी तलावाकाठच्या एका वाचनालयाचा आराखडा, आणि मोबाईलवर काढलेली काही शेकडा छायाचित्रे. प्रश्न एवढाच की, हे सर्व मांडावयाचे घर कोणत्या अवजाराने बांधावे.

मजविषयी इतकेच सांगणे प्राप्त आहे की, माझी निम्मी नोकरी एका सरकारी कचेरीच्या अभिलेखागारात मिसलींना सुतळी बांधण्यात आणि उरलेली निम्मी त्याच कचेरीच्या संगणक-विभागात त्या सुतळ्या सोडण्यात गेली, त्यामुळे कागद कसा टिकतो आणि कसा नाहीसा होतो या एका विषयात मला थोडीबहुत गती आहे. झालेला संवाद, दोन्ही पक्षांस न्याय मिळावा म्हणून, आठवेल तितका जसाच्या तसा देतो. माझी बाजू जेथे पडली तेथे ती पडलेलीच ठेवली आहे.

भाची : मामा, मी सल्ला विचारायला आलेली नाही, निर्णय करून आले आहे. विक्स किंवा स्क्वेअरस्पेस यांपैकी एखादे तयार साधन घेणार, त्यातला एक साचा निवडणार, चित्रे ओढून जागच्या जागी सोडणार, आणि रविवारी संध्याकाळी संकेतस्थळ उभे. तुमच्याकडे आले ते एवढ्यासाठी की, तुमच्या इंटरनेटचा वेग आमच्या घरच्यापेक्षा बरा आहे.

मी : इंटरनेट वापरण्यास माझी हरकत नाही, निर्णयास आहे. तुझे पणजोबा उमरेड तहसिलीत एका मालगुजाराचे कूळ होते, हे तुला ठाऊक असेल. आपल्या या मुलखात १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली, त्यापूर्वीच्या कुळाची अवस्था तुला मी सांगावयास हवी. कुळाने शेत कसावे, बांध घालावा, घाम गाळून विहीर खोदावी; पण ज्या दिवशी गाव सोडण्याची वेळ येई, त्या दिवशी ती विहीर त्याला पाठीवर घेता येत नसे. तू जे साधन सांगतेस त्याची कबुलायत नीट वाच. विक्सवर उभारलेले संकेतस्थळ उचलून दुसरीकडे नेता येत नाही, हे ती कंपनी स्वतःच स्पष्ट सांगते. स्क्वेअरस्पेस काही मजकूर बाहेर काढू देते, पण मांडणी तिच्यापाशीच राहते. यात कोणाची फसवणूक नाही. अट उघड आहे. अट उघड असली म्हणून ती मान्य करावी, असे मात्र नाही.

भाची : मला विहीर पाठीवर घ्यायचीच नाही, मामा. मला जून उजाडेपर्यंत पाणी प्यायचे आहे. जे माझे काम पाहणार आहेत ते खांबाची बैठक पाहतील, त्यावरचे कमळ पाहतील, मी माप चुकले आहे का ते पाहतील. त्या चित्रामागे कोणती लिपी दडली आहे ते कोणी पाहणार नाही. आम्ही घर दाखवतो तेव्हा पाहुण्यांना पाया उकरून दाखवत नाही.

मी : दाखवू नये हे खरे, परंतु असावा तरी. तुला हवे असलेले सारे चार साध्या फाइलींत लिहिता येते. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत १९८९ मध्ये ज्या जाळ्याचा प्रस्ताव मांडला, त्यातले पहिले संकेतस्थळ १९९१ साली अवतरले. आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही सर्व विद्या कोणताही मोबदला न मागता जगाला मोकळी करून दिली. त्या आरंभीच्या पानाची जुनी प्रत सर्नने २०१३ मध्ये मूळ पत्त्यावर पुन्हा मांडली आहे. ती तुझ्या हातातल्या या मोबाईलवर आजही उघडते, कारण ती साध्या एचटीएमएलमध्ये लिहिलेली आहे. ज्या भाषेचा मालक कोणी नाही, तिच्यात लिहिणाऱ्याला बेदखल करणाराही कोणी नाही.

एवढे बोलून मी थांबलो नाही, हे मला कबूल केले पाहिजे. संगणकावर एक कोरी फाइल उघडून मी तिच्यादेखत चौदा ओळी लिहिल्या : हा दस्तऐवज एचटीएमएलचा आहे असे जाहीर करणारी पहिली ओळ, अक्षरे युनिकोडची आहेत असे सांगणारी दुसरी, मग शीर्षक, मग 'महालातील सागवानी खांब' हा मथळा, त्याखाली दोन वाक्ये आणि एक चित्र. फाइल जतन करून मी ती उघडून दाखविली. पांढऱ्या पटावर काळी अक्षरे, त्यांखाली तिचे आरेखन, आणि दुसरे काहीही नाही. मला त्यात एक प्रकारचे निरलंकार सौंदर्य दिसले. भाचीने मान किंचित तिरकी केली.

भाची : तहसील कचेरीच्या परिपत्रकासारखे दिसते आहे.

मी : अलंकार वेगळ्या फाइलीत जातात, आणि ते तसेच जावेत. मजकूर आणि शृंगार यांची फारकत करण्याची ही कल्पना हाकॉन व्हियुम ली यांनी १९९४ साली मांडली, आणि सीएसएस या नावाने तिला १९९६ च्या डिसेंबरात मान्यता मिळाली. उद्या तुला वेश बदलावासा वाटला, तर मजकुराला हात न लावता बदलता येईल.

भाची : आणि तो वेश शिवायला मी शिकणार कधी? हेच पान मोबाईलच्या अरुंद पडद्यावर वेगळे बसले पाहिजे, आडव्या पडद्यावर वेगळे. चित्रे दोन रांगांत आली पाहिजेत, पण अक्षरे चिरडता कामा नयेत. तयार साच्यात हे सगळे कुणीतरी माझ्या आधी निस्तरून ठेवले आहे. वाडा बांधणाऱ्याने प्रत्येक खिळा स्वतः ठोकला, असे मी कोणत्याच मोजणीत पाहिलेले नाही. सुतार वेगळा, लोहार वेगळा, आणि खिळे बाजारातून.

मी : सुतार आपल्या घरी जातो, तो तुझ्या घरात राहून दरमहा भाडे मागत नाही.

भाची : बरे, मामा, एक विचारते. रागावणार नसाल तर.

मी : विचार.

भाची : तुमचे संकेतस्थळ कोठे आहे?

कूलरचा आवाज त्या क्षणी जरा मोठा झाल्यासारखे मला वाटले. उत्तर देण्याऐवजी मी उठलो, जुन्या संगणकावरून नव्यावर, आणि तेथून आणखी नव्यावर, अशी पिढ्यान्‌पिढ्या हस्तांतरित होत आलेली एक फाइल शोधून काढली, आणि तिच्यापुढे उघडली. २००१ साली मी रामटेकजवळच्या नगरधनाविषयी, म्हणजे वाकाटकांच्या नंदिवर्धन या राजधानीविषयी, एक लेख टंकलिखित केला होता. तो संकेतस्थळावर ठेवावा असा माझा तेव्हापासूनचा संकल्प. पडद्यावर जे प्रकट झाले त्यात नंदिवर्धन नव्हते, वाकाटक नव्हते, मराठीच नव्हती : रोमन अक्षरे, मधूनच डॉलरचे चिन्ह, स्वरांच्या माथ्यावर परदेशी टोप्या, कंसांच्या जोड्या, अशा राड्यारोड्याची बावीस पाने.

कारण साधे आहे, आणि दोष दुसऱ्या कोणाचा नाही, माझाच आहे. त्या काळी आपण जे मराठी फॉण्ट वापरीत होतो, त्यांतले पुष्कळसे वस्तुतः रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीची चित्रे बसवीत असत. संगणक मनात रोमन अक्षर धरी आणि पडद्यावर 'क' चे चित्र काढी. कोणत्या घरात कोणते चित्र, याचा प्रत्येक फॉण्टाचा जाबता निराळा. फॉण्ट गेला की चित्रे गेली आणि घरे उघडी पडली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीस स्वतःची स्वतंत्र जागा मिळाली होती, र. कृ. जोशी यांनी रेखिलेला मंगल हा फॉण्ट विंडोज २००० बरोबर संगणकांत आला होता. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. मी मात्र ज्या फॉण्टाची बोटांना सवय झाली होती तोच धरून बसलो, आणि संकेतस्थळ स्वहस्ते, सावकाश, निर्दोष असे लिहीन म्हणून आजतागायत लिहिले नाही.

भाची : म्हणजे तुम्हांला कोणत्या मालगुजाराने बेदखल केले नाही. जमीन तुमची, विहीर तुमची, आणि पाणीच गोठले. मामा, तुम्ही तेव्हा एखादे तयार साधन घेतले असते, तर निदान काही वर्षे तरी लोकांनी तुमचे नगरधन वाचले असते.

मी : वाचले असते, आणि मग एके दिवशी दार बंद झाले असते. जिओसिटीज हे नाव तू ऐकले नसशील. १९९४ साली निघालेल्या त्या सेवेने लाखो लोकांना फुकट जागा दिली, याहूने ती १९९९ मध्ये विकत घेतली, आणि २००९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतली ती सारी वसाहत बंद केली. स्वयंसेवकांनी धावपळ करून जे उतरवून घेतले तेवढे वाचले. नुसती जागाच जाते असे नाही, अवजारही मरते. तुम्हां चित्रकारांसाठीच अडोबीने म्यूझ नावाचे साधन काढले होते, एक अक्षरही न लिहिता संकेतस्थळ रचून देणारे. २०१८ मध्ये त्याचा विकास थांबला, आणि २०२० मध्ये आधारही गेला.

भाची : मग तुमचे हाताने लिहिलेले पान तुम्ही ठेवणार कोठे? या टेबलावर?

मी : गिटहब पेजेस आहे. एक गिगाबाइटपर्यंतचे संकेतस्थळ विनामूल्य ठेवता येते. तुझ्या साऱ्या खांबांना ते पुरून उरेल.

भाची : आणि गिटहब कोणाचे?

मी : २०१८ पासून मायक्रोसॉफ्टचे.

भाची : मालगुजारच की मग! मोठा एवढेच. शिवाय तुम्ही म्हणाल, पत्ता तरी स्वतःचा घे, डोमेन विकत घे. पण डोमेन विकत मिळते कोठे? वर्षाच्या मुदतीने मिळते. फार तर दहा वर्षांची मुदत एकदम भरता येते. नूतनीकरण चुकले की पत्ता दुसऱ्याचा. मामा, तो सातबारा नाही, पट्टा आहे. जाळ्यावर मालकीची जमीन अशी नसतेच, सगळीच कुळे. तेव्हा मालकीचे सोडून द्या आणि मला एवढेच सांगा की, कूळ म्हणून राहायचे तर शहाण्या कुळाने काय सांभाळावे.

माझा पक्ष येथे पडला. मालगुजाराचा दृष्टांत मी मोठ्या विश्वासाने काढला होता, आणि त्या पोरीने तो उलटा फिरवून माझ्याच अंगणात आणून बांधला. तथापि तिने केवळ खंडन केले नव्हते; प्रश्न अधिक चांगल्या रीतीने विचारला होता. पन्ह्याचा दुसरा पेला येईपर्यंत मी त्यावर विचार केला.

मी : हा फाइलीतला लेख ज्या नंदिवर्धनाविषयी आहे, त्याचीच एक गोष्ट तुला सांगतो. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिने नंदिवर्धनाहून दंगुण नावाचे एक गाव एका आचार्याला दान दिले आणि त्याची सनद ताम्रपटावर कोरून दिली. नगरधन येथे, आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर. तो ताम्रपट सापडला पुण्याला. आपल्या नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे सारे लेख एका ग्रंथात संपादिले, १९६३ साली; त्यात या ताम्रपटाचा पाठ आणि अनुवाद आहे. ते गाव ज्याला मिळाले त्याच्या वंशाकडे किती पिढ्या राहिले कोण जाणे. राज्य गेले, राजधानीचे खेडे झाले. पत्रा मात्र हातोहाती इतका दूर गेला, आणि पंधराशे वर्षांनी वाचता आला.

भाची : वाचता आला, कारण ती लिपी एकट्या त्या पत्र्याची नव्हती. तशीच अक्षरे आणखी शेकडो लेखांत होती, म्हणून विसरली गेली तरी पंडितांना पुन्हा उलगडली. तुमच्या २००१ च्या फॉण्टाचा जाबता त्या फॉण्टापुरताच होता.

मी : बरोबर! किंबहुना, दुपारभर जे माझ्या जिभेवर येत नव्हते ते तू बोललीस.

भाची : मग माझा प्रश्न मीच सोडवते. जमिनीचा नाद सोडायचा आणि पत्रा सांभाळायचा. म्हणजे एक पेटी. तिच्यात खांबांची मूळ आरेखने, छायाचित्रांच्या मूळ प्रती, आणि प्रत्येक कामाविषयी लिहिलेला मजकूर, साध्या फाइलीत, युनिकोडमध्ये. ती पेटी माझ्याकडे. संकेतस्थळ म्हणजे त्या पेटीतून काढून मांडलेले प्रदर्शन. प्रदर्शनाचा मांडव भाड्याचा असला तरी चालेल, कारण मांडव उतरवला तरी वस्तू माझ्या पेटीत आहेत.

मी : आणि पत्ता. पट्टा म्हणालीस ते कबूल. पण तो पट्टा तुझ्या नावावर असू दे. साधन देणारे आपल्या नावाचे शेपूट लावून फुकट पत्ता देतात, तो घेऊ नकोस. हजार रुपयांच्या आतबाहेर वर्षाचे डोमेन मिळते. आज ते विक्सकडे वळव, उद्या गिटहबकडे. तुझ्या अर्जावर छापलेला पत्ता बदलणार नाही. घर बदलले तरी टपाल पोचले पाहिजे. बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये पत्ते न बदलण्याच्या कर्तव्यावर एक स्वतंत्र टिपणच लिहिले आहे.

भाची : देवनागरीत घेऊ का? शेवटी भारत असलेला पत्ता मिळतो ना?

मी : २०१४ पासून मिळतो. हौसेने दुसरा म्हणून अवश्य घे. पण अहमदाबादच्या ज्या कचेरीत तुझा अर्ज जाणार तेथील कारकुनाला तो टाईप करावा लागेल, आणि देवनागरी पत्त्याची ईमेल प्रत्येक ठिकाणी स्वीकारली जातेच असे नाही. अर्जावर रोमन पत्ता लिही.

वाद येथे संपला असता, तर लेखही संपला असता. परंतु तिने मांडव घालावयास तेथेच आरंभ केला. एक साचा निवडला, त्यात 'लाकडी खांब आणि त्यांची शिल्पे' असा मथळा लिहिला, आणि एकाएकी थबकली. जिने महिनाभर खांबावरच्या पाकळ्या मोजल्या, तिची दृष्टी अक्षरावर अडखळावी यात नवल नाही. 'ल' आपल्या पुस्तकांतला नव्हता. आपला मराठी 'ल' दोन वाटोळ्या पोटांनी मध्यभागी लोंबणारा, हा दांडीला टेकलेला हिंदी वळणाचा. 'श' ची गाठही परक्या वळणाची. मला येथे माझी एक बाजू परत मिळाली, आणि ती घेण्याचा मोह मी आवरला नाही. काही फॉण्टांच्या पोटात दोन्ही वळणे साठविलेली असतात, आणि पानाच्या आरंभी भाषा मराठी आहे अशी नोंद असली की मराठी वळण पुढे येते; टिरो देवनागरीसारख्या फॉण्टाची तर मराठीसाठी वेगळी आवृत्तीच आहे. माझ्या चौदा ओळींच्या पानात मी तशी एका शब्दाची नोंद केली, फॉण्ट जोडला, आणि मथळा आपल्या वळणावर आला. साच्यात ती नोंद करावयाची जागा तिला शोधूनही सापडली नाही.

भाची : हे मात्र तुमचे खरे. घरमालकाने खिडकीची जागा ठरवून टाकलेली असते.

मी : मग वर्डप्रेस घे. २००३ पासून आहे, जगातली चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे त्यावर उभी आहेत, मराठीत चालते, आणि सोडून जाताना सारा मजकूर एका फाइलीत बांधून देते.

भाची : ते कवेलूंचे घर आहे, मामा, आणि तुम्ही या घराची शाकारणी दर मृगाआधी कशी करवता ते मी लहानपणापासून पाहते आहे. वर्डप्रेसची नवी आवृत्ती आली, चढवा. जोडण्या जुन्या झाल्या, बदला. नाही बदलल्या तर कुणीतरी परका आत शिरतो. रोज लिहिणाऱ्याला ते शोभते. मला वर्षातून दोनदा नवे काम मांडायचे आहे.

मी : मग जेकिल किंवा ह्यूगो. तू साध्या फाइलीत मजकूर लिहायचास, ते त्यातून तयार पाने छापून देते. चालू राहणारे यंत्र नाही, शाकारणी नाही, आणि मजकुराची फाइल तुझ्या पेटीत जशीच्या तशी.

भाची : हे पटते. पण आठ दिवसांत नाही. काळ्या खिडकीत आज्ञा टाईप करायला शिकेपर्यंत अर्जाची मुदत निघून जाईल. दिवाळीपर्यंतची तजवीज म्हणून ठेवते.

मी : आणि बिहान्स? तुमच्या क्षेत्रातले सगळे तेथेच आपली चित्रे टांगतात असे ऐकतो.

भाची : ती इतवारीची बाजारपेठ आहे, मामा. तेथे दुकान मांडले की गर्दी आपोआप समोरून जाते. गल्लीतल्या घरात कोणी चुकूनही येत नाही. म्हणून पाच चित्रे तेथेही टांगणार, आणि खाली घराचा पत्ता लिहिणार. पण इतवारीतल्या दुकानात कोणी राहायला जात नाही.

या एका वाक्यावर मी तिला मनोमन शाबासकी दिली. त्यानंतर आम्ही वाद सोडून कामास लागलो. मोबाईलवरचे एकेक छायाचित्र पाच-सहा मेगाबाइटांचे होते. ते तसेच लावले असते तर खेड्यात बसून पाहणाऱ्याच्या पडद्यावर खांब वरून खाली उतरावयास चहा थंड होण्याइतका वेळ लागला असता. मूळ प्रत पेटीत ठेवून, मांडावयाची प्रत सोळाशे ठिपक्यांच्या रुंदीची केली, तेव्हा ती तीनशे किलोबाइटांच्या आसपास आली, आणि डोळ्यांना भेद कळेना. आरेखनांची गोष्ट त्याहून गमतीची. तिने ती ठिपक्यांच्या चित्रांत रूपांतरित करून आणली होती. मी ती एसव्हीजीमध्ये, म्हणजे रेषा रेषा म्हणूनच साठविणाऱ्या प्रकारात, उतरवावयास सांगितली. मग तिने मोबाईलवर दोन बोटांनी खांबाचे शिर मोठे केले, आणखी मोठे केले, पडदा भरून एकच पाकळी उरेपर्यंत मोठे केले, आणि रेघ शेवटपर्यंत धारदार राहिली. पुष्कळ वेळ ती त्या पाकळीकडे पाहत होती.

दिवे लागले तेव्हा ठराव असा झाला होता. डोमेन तिच्या नावावर, तिच्या ईमेलवर आणि तिच्या पैशाने. मामाच्या कार्डावर नव्हे, कारण तसे केल्यास पट्टा मामाचा होतो, हेही तिनेच सुचविले. आठ दिवसांसाठी मांडव भाड्याचा, तयार साच्याचा. पेटी तिची. खांबांचे एक पान मात्र हाताने लिहिलेले, मराठी 'ल' असलेले, गिटहबवर, आणि मांडवातून त्याकडे जाणारी वाट. माझ्या वाट्यास जे काम आले ते अधिक कठीण होते : २००१ ची बावीस पाने युनिकोडमध्ये उतरवून, पावसाळा संपण्यापूर्वी, एका साध्या पानावर मांडणे, दिसण्यात परिपत्रकासारखी असली तरी हरकत नाही. जुन्या फॉण्टांची अक्षरे पालटून देणारी साधने असतात, ती तिने मला शोधून दिली. जोडाक्षरे मात्र हाताने रुजुवात घेत दुरुस्त करावी लागतात. सध्या सातवे पान चालू आहे, आणि त्यात 'प्रभावतीगुप्ता' हे नाव आठ वेळा आले असून आठही वेळा निरनिराळ्या रीतीने मोडले आहे.

अर्ज गेले. पुण्याहून बोलावणे आले, आणि निघण्यापूर्वी ती निरोप घ्यावयास आली तेव्हा तिने एक पेन ड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला.

भाची : पेटीची एक प्रत. घराच्या खरेदीखताबरोबर कपाटात ठेवा.

मी : ठेवतो. पण हा तांब्याचा पत्रा नव्हे, बेटा. वर्षानुवर्षे विजेवाचून पडून राहिला तर यातले अक्षर पुसट होते.

भाची : मग खंडेनवमीला काढा. त्या दिवशी तुम्ही पान्हा, करवत आणि शिवणयंत्र पुसून पाटावर मांडता, त्यात हाही मांडा. हळद-कुंकू लांबूनच वाहा. मग संगणकाला लावून प्रत्येक फाइल उघडते का पाहा, आणि नव्या पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. मी पुण्याला माझ्या प्रतीचे तेच करीन.

खंडेनवमीला अद्याप अवकाश आहे. पेन ड्राइव्ह खरेदीखताच्या पाकिटात आहे, आणि पाकिटावर, अभिलेखागारातील जुन्या सवयीने, मी आतील तपशील, तारीख आणि पुढील तपासणीची मुदत शाईने लिहून ठेवली आहे.